सुहासच्या ॲम्पचा आवाज

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर खोडून काढायला. वाचता वाचता मनात चालू असतं – जुनं वायरिंग असेल, ॲसिडिटी असेल, अर्धवट झोप असेल... बहुतेक वेळा पटण्यासारखं काहीतरी सापडतं. ठाण्यात एका खासगी ऑफिसमध्ये मी ॲडमिन बघते. एसी बंद पडला, प्रिंटर अडला, की लोक आधी माझ्या टेबलाशी येतात. वस्तू विनाकारण बंद पडत नाही, कारण शोधायचा आपल्यालाच कंटाळा येतो, असं माझं ठाम मत आहे. होतं म्हणा.

तर हे माझं स्वतःचं. यात कोणी दिसलं नाही, कोणी हाक मारली नाही. एक ॲम्प्लिफायर वाजत नव्हता, एवढंच.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो, मानपाडा रोडवरून आत. तिसऱ्या मजल्यावर शेजारशेजारचे दोन वन बीएचके – एक आमचा, एक माझा धाकटा दीर सुहासचा. मधली भिंत पाडून एकच मोठा हॉल केलेला, स्वयंपाक एकत्र. मी, माझा नवरा प्रकाश, सुहास, त्याची बायको नीता आणि त्यांची मुलगी तन्वी. आम्हाला मूल नाही, त्यामुळे तन्वी दोन्ही घरांची.

सुहास एमआयडीसीतल्या एका कंपनीत होता आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. हे गिटार नुसतं वाजवलं तर तारांची टिकटिक तेवढी ऐकू येते. खरा आवाज ॲम्पमधून येतो – लहान सुटकेसएवढा काळा स्पीकर, वर गोल बटणं. त्यात हेडफोनची पिन घातली की स्पीकर बंद, मग आवाज फक्त हेडफोन लावणाऱ्याच्या कानात.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी नियम केला होता, घरात वाजवायचं ते हेडफोन लावून. सुहास हसून म्हणाला, "वहिनी, तुझं राज्य." पुढे सासूबाई गेल्या. नियम राहिला. मुद्दाम ठेवला असं नाही, काढायचा राहून गेला. एकदा त्याने विचारलं, "वहिनी, आता स्पीकरवर लावू का गं थोडा वेळ?" मी लाइटचं बिल भरत होते. मान वर न करता म्हटलं, "बघू."

आपल्याकडे "बघू"चा अर्थ सगळ्यांना कळतो. त्याने परत विचारलं नाही.

गेल्या वर्षी सुहास अचानक गेला. हार्ट. हॉस्पिटल, कागदपत्रं, दिवसकार्य, सगळं मीच निभावलं, आणि लोकांनी माझं कौतुक केलं. ॲम्प कोपऱ्यात होता तिथेच राहिला, वर हेडफोन.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा तन्वीला बेंगळुरूला नोकरी लागली. गिटार आणि ॲम्प ती सोबत नेणार होती. रात्रीची भांडी आवरताना नीता मला म्हणाली, "वहिनी, ती जायच्या आधी एकदा इथे वाजवू द्या ना. स्पीकरवर."

मग तिने सांगितलं. सुहासने नीतासाठी एक धून बसवली होती. तन्वीला ती येते, कारण बापलेक एकच हेडफोन दोन कानांत वाटून घेऊन बसायचे. नीताने मात्र ती कधीच ऐकली नव्हती.

"हेडफोनवर ऐकायचीस मग," मी म्हटलं.

"द्यायचाच नाही तो. म्हणायचा, ही कानात ऐकायची नाही, घरभर वाजायला पाहिजे. थांब जरा, एक दिवस ऐकवतो." ती भांडं पुसत राहिली. "मी स्वयंपाकघरातून टिकटिक ऐकलीय फक्त."

मी म्हटलं, हो, नक्की. श्राद्धाचा स्वयंपाक, गुरुजी, तन्वीच्या बॅगा, या सगळ्यात "ॲम्प – चालू करून बघणे" हेही लिहून ठेवलं.

रविवारी सकाळी तन्वीने ॲम्प लावला. लाल दिवा लागला. गिटार जोडलं, तार छेडली. टिक.

"आवाज वाढव."

"वाढवलाय काकू."

मग मी हातात घेतलं. सॉकेट बदलला. केबल बदलली. गिटारवरचं बटण, ॲम्पवरची बटणं, सगळी फिरवून बघितली. गिटार काढून मोबाइल जोडला, तरी स्पीकर गप्प. शेवटी तन्वीने हेडफोन लावले आणि म्हणाली, "ह्यात तर मस्त येतंय!" म्हणजे गिटार ठीक, केबल ठीक, आतलं सर्किटही ठीक. बिघाड फक्त स्पीकरकडे जाणाऱ्या वाटेवर. मला बरं वाटलं, कारण सापडायच्या बेतात होतं.

प्रकाश आणि तन्वी दोघं ॲम्प घेऊन ठाण्याला गेले, खोपटच्या एसटी डेपोजवळ वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे. त्याने सांगितलं, हेडफोनच्या सॉकेटमध्ये एक छोटी पट्टी असते, ती अडकली की ॲम्पला वाटतं हेडफोन लावलेलाच आहे. त्याने ती साफ केली. वाजला. घरी आणला. टिक.

"तुला घाबरतोय तो," प्रकाश म्हणाला. सगळे हसलो. मीसुद्धा.

दुसऱ्या वेळी मी स्वतः गेले, हाफ डे टाकून, तन्वीला घेऊन. दुकानदाराने काउंटरवर ॲम्प लावला, गिटार जोडलं – आणि आवाज नाही. तो वैतागला. "मॅडम, परवा याच काउंटरवर वाजला. साहेबांना विचारा." पट्टी परत साफ केली, सॉकेटच बदलून टाकला. नाही. इतक्यात मला ऑफिसचा फोन आला. दुकानात नीट ऐकू येईना म्हणून मी बाहेर पडले, चालत चालत डेपोच्या गेटपर्यंत गेले. गाड्यांच्या घरघरीत कसंबसं बोलणं संपवलं, मागे बघते तर तन्वी धावत येतेय.

"काकू, वाजला! तू गेलीस आणि एकदम वाजला!"

आम्ही दारात पोचलो तेव्हा दुकानदार गिटार हातात घेऊन ॲम्पकडे बघत होता. त्याने तार छेडली. टिक. माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, रागावू नका... जरा परत बाहेर जाता का?"

मी गेले. डेपोपर्यंत. परत आले. तन्वीचा चेहरा बघूनच कळलं.

घरी येऊन मी हे नीट तपासलं. मोबाइलच्या सिग्नलने होतं का – मोबाइल ॲम्पशेजारी ठेवून भाजी आणायला गेले. वाजला. घड्याळ, बांगड्या, अगदी मंगळसूत्रसुद्धा काढून खोलीत बसले. गप्प. प्रकाश बाहेर गेला, नीता गेली, काही फरक नाही. मी खाली गेले की वाजायचा. मी वर येऊन लिफ्टचं दार उघडलं की बंद. तन्वी म्हणायची, "काकू, आम्हाला बेल वाजायच्या आधी कळतं तू आलीस ते." हे ती हसत म्हणाली. ती धून मात्र तिने अजून वाजवली नव्हती; नीताला ती वर्षश्राद्धाच्या दिवशी, सगळे घरात असताना ऐकायची होती.

तोवर मी सगळं एकेक करून वगळलं होतं – वायर, सॉकेट, माणसं. उरले होते ती मीच.

एका दुपारी घरात कोणी नसताना मी ॲम्पसमोर स्टूल घेऊन बसले. फार वेडगळ वाटत होतं. तरी मोठ्याने म्हटलं, "सुहास, वाजव रे. हवा तेवढा मोठा वाजव. मी काही म्हणणार नाही." मोबाइल जोडला, गाणं लावलं. लाल दिवा होता. बाकी काही नाही. उशिराच म्हटलं होतं मी, आणि तो असा रुसणारा माणूसही नव्हता. मला वाटतं, तो रुसवा नव्हताच. तो अजून माझं ते जुनंच ऐकत होता.

वर्षश्राद्ध झालं. गुरुजी गेले, पाहुणे गेले. संध्याकाळी चहा घेतल्यावर मी पर्स उचलली.

"मी जरा बहिणीकडे जाऊन येते, टिटवाळ्याला. तिचं काम आहे."

काम काही नव्हतं, आणि हे चौघांनाही माहीत होतं. प्रकाश पेपरमध्ये बघत राहिला. नीता दारापर्यंत आली.

"वहिनी, थांबा ना. नाही वाजला तर नाही वाजला."

"वेडी आहेस का? तन्वी उद्या निघाली. बस ऐकत. आणि दार लावू नका, खिडक्या उघड्या ठेवा." मग उगीचच म्हटलं, "आवाज मोठा ठेवा."

ती काहीतरी बोलणार होती. मी चप्पल घातली.

टिटवाळ्याला बहिणीने विचारलं, "अगं, आज तुमच्याकडे श्राद्ध ना? आणि तू इकडे?" मी म्हटलं, पाय मोकळे करायला आले. तिने पोहे केले. मी अर्धे टाकले. सारखं वाटत होतं, नाही वाजला तर नीताला काय सांगायचं... आणि वाजला असेल तर ते कसं पचवायचं.

परतले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या लेलेकाकू लिफ्टपाशी भेटल्या.

"काय गं, आज तुमच्याकडे कार्यक्रम होता? काय सुंदर वाजवत होतं कोणीतरी! आमचे हे टीव्ही बंद करून बाल्कनीत बसले. तूच कुठे दिसली नाहीस ती?"

"बाहेर होते," मी म्हटलं.

दार उघडंच होतं. नीता खुर्चीत बसलेली, डोळे लाल, पण चेहरा वर्षभरात असा बघितला नव्हता मी. माझं ताट वाढून ठेवलं होतं.

तन्वी गिटार घेऊन ॲम्पजवळच बसली होती. "काकू, इथे बस," म्हणाली. मी बसले. तिने सुहासचे हेडफोन माझ्या कानांवर चढवले, पिन लावली आणि वाजवायला लागली.

मी कधी ते हेडफोन हातातसुद्धा घेतले नव्हते, फडक्याने पुसले असतील तेवढंच. धून फार अवघड नव्हती. वर जायची, थांबायची, परत पहिल्या जागी यायची. समोर नीता आणि प्रकाश उभे होते, त्यांना नुसती टिकटिक ऐकू येत असणार, जशी इतकी वर्षं आम्हा सगळ्यांना यायची. मला धून ऐकू येत होती, पण फार हळू. लांबून आल्यासारखी. मी कानांवर हात दाबून धरले.

"तन्वी, आवाज वाढव गं."

तिने ॲम्पकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"काकू, फुल आहे."

मी वाकून बघितलं. बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. तिने हेडफोनची एक बाजू काढून स्वतःच्या कानाला लावली आणि दचकून लांब धरली, इतका आवाज मोठा होता. माझ्या दुसऱ्या कानात तसाच हळू. आतल्या खोलीत कोणी आजारी माणूस झोपलेलं असावं आणि त्याची झोप मोडू नये, इतका हळू.

मी कान तपासून घेतले. दोन्ही व्यवस्थित आहेत. ॲम्प आता बेंगळुरूला आहे, तिथे रोज वाजतो, शेजारी तक्रार करतात म्हणे. हेडफोन तन्वीने इथेच ठेवलेत. या ग्रुपवर इलेक्ट्रॉनिक्सवाले बरेच जण आहेत, कोणाला कारण सुचलं तर सांगा, मी करून बघेन. मला सापडलेलं नाही. आणि पहिल्यांदाच असं झालंय की मला ते शोधावंसंही वाटत नाहीये.