आमच्या हातच्या भाकरी

"हे गाठोडं कुणाचं?" तात्यांनी विचारलं.

"आमचं," मी म्हणाले.

तात्यांचा हात गाठोड्याच्या गाठीवर होता. तो त्यांनी काढून घेतला आणि धोतराला पुसला. मुद्दाम केलं असतं तर मी भांडले असते. पण ते सवयीनं झालं. त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

तात्या आमचे माजी सरपंच. देवळासमोर टेम्पो उभा होता आणि ते गाठोडी मोजून चढवत होते. खाली पलूसकडं नदी गावांत शिरली होती. माणसं शाळांच्या वरच्या मजल्यावर अडकली होती. आमचा जत तालुका कोरडा. त्या पावसाळ्यातसुद्धा आम्ही टँकरचं पाणी पीत होतो. तरी गावानं ठरवलं, घराघरातून भाकरी पाठवायच्या. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू.

आमचं अडीच एकर रान, घर रानातच. पावसावर येईल तेवढा शाळू, म्हणजे ज्वारी. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, पण गावाच्या लेखी आम्ही मांग ते मांगच राहिलो. आबा, म्हणजे माझे वडील, कापणीला चारी कडेच्या ओळी वेगळ्या काढायचे. त्या देवाच्या. तो शाळू वेगळ्या कणगीत. मेंढरं घेऊन आलेला धनगर असो, नवरा टाकून गेलेली बाई असो, जो येईल त्याला त्यातून मापटंभर. आमच्या घरात कधी कधी कण्या शिजल्या, पण त्या कणगीला हात लागला नाही. ख्रिस्ती असणं म्हणजे काय, हे मी प्रार्थनेत शिकले नाही. त्या कणगीपाशी शिकले.

त्याच शाळूच्या त्या भाकरी. आई, चुलती आणि मी, पहाटेपासून तीन चुलींवर. दीडशे भाकरी आणि डबाभर खर्डा. आईच्या मनगटाला सूज आली होती.

"कडंला ठेव जरा," तात्या म्हणाले.

मी ठेवलं. बाकीची गाठोडी चढली. टेम्पोचं फाळकं लागलं.

"तात्या, आमचं राहिलं."

ते जवळ आले. आवाज अगदी मायेचा. "आमचं काय न्हाई गं पोरी. आमी न्हाई मानत. पर तिकडची मानसं इचारत्यात, कुणाच्या हातच्या म्हणून. उगं तुमचाच अपमान व्हायचा."

माझा अपमान होऊ नये म्हणून माझ्या भाकरी देवळाच्या पायरीवर राहिल्या. टेम्पो गेला. एक कुत्रं आलं, गाठोडं हुंगलं. गुरव म्हणाला, "घिऊन जा बाई. न्हाईतर गुरांना घाला."

मी गाठोडं डोक्यावर घेऊन घरी आले. आबा खुरपं घासत होते. सगळं ऐकून शांतपणे म्हणाले, "मल्लूकडं द्यायचं हुतंस. त्येच्या नावानं गेलं असतं."

मल्लूअण्णा आमच्या बांधाशेजारचे, गावाला चालणाऱ्या जातीचे.

"त्येंच्या नावानं का?"

"दरसाल तसंच देतोय की. जत्रंच्या जेवणाला आपलं पोतं मल्लूच्या नावानं जातंय. शाळंतल्या पोरांना गूळ-शेंगा दिल्या, त्या बी."

मी किती वर्षं जत्रेच्या दिवशी लांबून ते जेवण बघत आले होते. आमच्या ज्वारीच्या भाकरी. आणि आम्हाला पत्रावळ शेवटी, वेगळी, चिंचेखाली.

"देवाला ठावं हाय कुणाचं हाय ते," आबा म्हणाले.

"आबा, चोरी लपवून करत्यात. आपण काय चोरलंय?"

ते खुरपं घासत राहिले. माझा बाप आयुष्यभर देत आला, आणि दिलेलं घेतलं जावं म्हणून स्वतःचं नाव पुसत आला. त्या दिवशी मला तात्यांचा राग आला त्याहून जास्त आबांचा आला.

मी गाठोडं उचललं आणि एसटी धरली. पुढं रस्ता बंद होता, तिथून एका दुधाच्या गाडीनं नेलं. उंचावरच्या एका शाळेत माणसं होती. ओली, चिखलानं भरलेली. मी गाठ सोडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमी ख्रिस्ती. मांगाच्या घरातल्या. भाकरी आमच्या हातच्या हाईत. चालत असतील तर घ्या."

एका म्हातारीनं हात पुढं केला होता. गळ्यात सोन्याची बोरमाळ. उसाचं रान पाण्याखाली गेलेलं असणार. तिनं हात मागं घेतला आणि तोंड भिंतीकडं केलं. दोन दिवसांची उपाशी असेल. तरी मागं घेतला. दुसऱ्या एकीनं चार उचलल्या, पोरांना दिल्या. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, भाकरीकडं बघितलं. बऱ्याच जणांनी घेतल्या. बऱ्याच जणांनी नाही. उरलेल्या मी परत आणल्या आणि आम्ही चौघांनी खाल्ल्या.

कापणी झाली. मी मल्लूअण्णांना सांगितलं, औंदा पोतं तुमच्या नावानं जाणार नाही. ते घाबरले. "मला मधी घिऊ नगंस," एवढंच बोलले.

जत्रेच्या आदल्या दिवशी तात्या स्वतः आमच्या बांधावर आले. आत नाही, बांधावरच.

"आरं आबा, औंदा मल्लूचं पोतं न्हाई आलं."

"ते मल्लूअण्णांचं नव्हतंच," मी म्हणाले.

"म्हाईत हाय की. सगळ्या गावाला म्हाईत हाय. मल्लूकडनं आलं म्हंजी चालतंय."

सगळ्यांना माहीत होतं. दाणा आमचा आहे हे माहीत असून गाव जेवत होतं. विटाळ ज्वारीला नव्हताच कधी. आमच्या नावाला होता.

"मग औंदा आमच्या दारातनं न्या," मी म्हणाले. "आत या. वट्ट्यावर बसा, तांब्याभर पाणी प्या, आन् पोतं उचला. आमच्या नावानं."

तात्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. आबांना म्हणाले, "लेकीला लय शिकवलंस," आणि गेले.

आबा मग म्हणाले, "देण्याला अट घातलीस तू. असं देवानं सांगितलं न्हाई."

"घातली," मी म्हणाले.

आबा अजून माझ्याशी मोकळं बोलत नाहीत. कदाचित देवापुढं त्यांचंच खरं ठरेल. ठरू दे. मी देणं थांबवलेलं नाही. आमच्या उंबऱ्यात जो येतो तो रिकामा जात नाही, मग तो कुणीही असो. पण दुसऱ्याच्या नावाआड लपून आमच्या घरातला दाणाही बाहेर जाणार नाही. आधी मी माझं नाव सांगते, मग जात, मग देव. त्यानंतर माप भरते. ज्याला माझा हात चालत नाही, त्यानं उपाशी राहावं.