चुकीला पेढा

चहाचा कप हातात देण्यापूर्वी समोरच्या माणसाला त्याचे पूर्ण नाव विचारणारी व्यक्ती या पृथ्वीतलावर एकच असावी, आणि ती माझ्या पत्नीची थोरली बहीण आहे. ताई चाकण रस्त्यावरच्या एका इस्पितळात मेट्रन आहेत. औषध देण्याआधी रुग्णाच्याच तोंडून त्याचे नाव ऐकायचे, हा त्यांचा तिथला नियम. तो रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर रहाटणीच्या घरी येतो. बिनसाखरेचा चहा कुणाचा, हे त्यांना पाठ असते. तरीही ट्रे धरून त्या स्वतःच्या यजमानांसमोर उभ्या राहतात आणि म्हणतात, "पूर्ण नाव सांगा." यजमानही वडिलांच्या नावासकट सांगतात, आणि मगच कप मिळतो. एका भाचीच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना ताईंनी नवऱ्या मुलाच्या कानाशी जाऊन त्याचे नाव विचारले. भटजी थांबले, मंडप थांबला. "बरोबर आहे," असे म्हणून त्यांनी अक्षता टाकल्या, तेव्हा कुठे मंगलाष्टके पुढे सरकली. त्यांच्या घरी फरशी पुसली की ती वाळेपर्यंत कुणी जागचे हलायचे नाही. ओल्या फरशीवर माणूस घसरतो, आणि घसरलेला माणूस त्यांच्या लेखी फरशी पुसणाऱ्याची नव्हे, घरातल्या कर्त्या बाईची चूक असतो. एका रविवारी मी त्यांच्या दिवाणावर असा अडकलो की खिडकीतले ऊन भिंतीवरून सावकाश खाली उतरताना पाहत बसलो. इतके निवांत ऊन मी पुढे फारसे पाहिले नाही.

पण ताईंची खरी ख्याती पेढ्यांची. त्यांच्या कपाटात पेढ्यांचा डबा असतो, आणि तो चुकीसाठी राखलेला असतो. एखाद्या सिस्टरने "मॅडम, आज माझ्या हातून चुकीची बाटली लागणार होती," असे आपण होऊन सांगितले की तिला पेढा. लपवलेली चूक पुन्हा घडते, सांगितलेली थांबवता येते, हे त्यांचे साधे गणित. एक सर्जन एकदा वैतागून म्हणाले, "इथं चुकीला पेढा! मग काम बरोबर केलं तर काय?" ताई शांतपणे म्हणाल्या, "बरोबर केलं तर पगार आहेच की, सर."

गेल्या उन्हाळ्यात माझे हर्नियाचे ऑपरेशन तिथेच झाले. मी स्पेशल खोली मागितली, तर ताईंनी मला जनरल वॉर्डात घातले. "भाऊजी, बंद दाराआड कुणाला कळणार तुम्हाला काय होतंय ते? इथं शेजारचा तरी ओरडेल." भूल उतरत असतानाची ती दुपार होती. पंखा फिरत होता, हिरवे पडदे श्वास घेतल्यासारखे हलत होते, आणि सगळे आवाज पाण्याखालून यावेत तसे येत होते. शेजारच्या खाटेवर एक तरुण कामगार होता. यंत्रात हात सापडून जखम चिघळली होती. सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. हेच औषध त्याला पूर्वी दिल्याचे, आणि काही त्रास न झाल्याचे, संगणकातल्या नोंदीत होते. तिने नाव विचारले. त्याने कामगार विम्याच्या कार्डावरचे नाव सांगितले, पण किंचित थांबून. राउंडवर असलेल्या ताई तेवढ्यानेच वळल्या. त्यांनी सुई थांबवली, पडदा ओढला आणि अगदी हळू विचारले, "आई तुला काय म्हणून हाक मारते रे?"

"बाल्या म्हणती माय. बालाजी."

"मग कार्ड कुणाचं?"

"गाववाल्याचं. त्यो गावाकडं गेला, तर ठेकेदारानं त्याच्या नावावर मला लावलं. मॅडम, सांगू नका कुनाला. काम जाईल माझं."

"काम मी बघते. आधी सांग, कधी सुईचा त्रास झालाय?"

"उदगीरला एकदा झाला. तोंड सुजलं, दम कोंडला."

तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी त्याच्या पाकिटात निघाली; औषध तेच होते. सिस्टरने ट्रे खाली ठेवल्याचा आवाज मला पडद्याअलीकडे ऐकू आला. "मी टोचणारच होते, मॅडम," असे ती आपण होऊन म्हणाली, तेव्हा तिला एक पेढा मिळाला आणि खरे नाव सांगणाऱ्या बालाजीलाही एक. त्याने तो हातात धरूनच ठेवला.

संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस आला. "मॅडम, कार्ड चालू आहे ना? मग कशाला घोळ घालताय?"

"कार्ड ठणठणीत आहे हो. दुखणं माणसाला आहे."

इस्पितळाच्या वरिष्ठांनीही ताईंना बोलावले. "मेट्रन, तुम्ही इंजेक्शनचं बघा."

"तेच बघतेय, सर. नाव खरं सांगितलं म्हणून हा पोरगा बाहेर गेला, तर उद्या इथं कुणी खरं नाव सांगणार नाही. मग मी इंजेक्शन कुणाला देऊ?"

आणि त्या समोरच्या खुर्चीत बसून राहिल्या. अशा बसून राहण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. शेवटी गरीब रुग्णांसाठीच्या निधीतून, त्याच्या स्वतःच्या नावाने, बालाजीवर उपचार झाले. हात वाचला. काम मात्र गेले. ताई ठेकेदाराच्या कचेरीत खेपा घालून आल्या, पण जमले नाही. बालाजी कुठल्या दुसऱ्या शेडमध्ये लागला की उदगीरला परतला, हे कुणालाच कळले नाही. एका संध्याकाळी ताईंनी डबा उघडून एक पेढा स्वतःच्या तोंडात टाकला. "काम मी बघते म्हणाले होते, भाऊजी," एवढेच त्या बोलल्या.

मी एका कारखान्यात डिझाइन विभागात आहे. आमच्याकडे कंत्राटी कामगारांची हेल्मेटे निळी असतात, आणि मी त्यांना त्या रंगानेच ओळखत आलो. परवा माझ्या टेबलापाशी सुटे भाग घेऊन आलेल्या एकाला मी नाव विचारले. तो किंचित थांबला. मग म्हणाला, "का विचारताय, साहेब?"

ताईंपाशी याचे उत्तर तयार असते. मी मात्र त्यांचे पाहून खणात ठेवलेला पेढ्यांचा पुडा उघडून त्याच्यापुढे धरला. तो म्हणाला, "कसले पेढे, साहेब?"

"चूक कबूल केली की मिळतात. आधी मी घेतो," मी म्हणालो. "रोज येतोस, आणि मी आज विचारतोय."