लेकीचा नितळ चेहरा

उदगीरला ब्लाऊज शिवणाऱ्या गुरम्माच्या गालांवर बारीक खड्डे आहेत. सोळाव्या वर्षी, मुखेडला माहेरी असताना, तिच्या तोंडभर पुटकुळ्या उठल्या होत्या. आईने हळद लावली, चुलतीने "अंगातली गरमी हाय" म्हणून माती थापली. पुटकुळ्या गेल्या, खड्डे राहिले. तिला बघायला आलेल्या पहिल्या पाहुण्यांनी चहा पिऊन धाकट्या बहिणीला, नीलम्मालाच मागणी घातली.

मुलगी मंजुश्री सोळाची झाली आणि तिच्याही गालांवर तेच सुरू झालं. गुरम्माने तिला लातूरला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मलम दिलं आणि कमी ताकदीची अँटिबायोटिक गोळी. "रोज एक, जेवल्यावर, पेलाभर पाण्याबरोबर. तीन महिने. मनाने सोडायची नाही."

दोन महिन्यांत गाल निवळले. माप द्यायला आलेल्या बायका म्हणायच्या, "लई गोड दिसायली पोरगी!" गुरम्मा हसायची आणि माप चुकायची. एवढीशी गोळी! मग मला का नाही मिळाली?

एका दुपारी मंजुश्री नीलम्मामावशीला व्हिडिओ कॉलवर चेहरा दाखवत होती. मावशी म्हणाली, "अगदी माझ्यावर गेलीस गं!" गुरम्माच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी तिने गोळ्यांचं पाकीट कापडांच्या गठ्ठ्याखाली सरकवलं.

"डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. बस झाल्या म्हणल्या गोळ्या."

तीन आठवड्यांत हनुवटीवर लाल फोड उठले. मंजुश्री आरशापुढे रडायला लागली. ते ऐकून गुरम्माला आधी बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली. तिने पाकीट काढून लेकीच्या हातात दिलं.

"फोनबिन न्हाई आला. मीच लपवल्या."

"का गं मम्मी?"

"तुझं तोंड बघवत नव्हतं मला."

दोन दिवसांनी दोघी पुन्हा लातूरला निघाल्या. बसमध्ये मंजुश्री वेगळी बसली. डॉक्टरीणबाई रागावल्या, पण गोळी पुन्हा सुरू करून दिली. उठता उठता गुरम्माने विचारलं, "माझ्यासाठी न्हाई का एखादी?"

"खड्ड्यांना गोळी नसते. दुसरे उपाय आहेत. थोडे भरतील, पूर्ण जाणार नाहीत."

"इचार करून सांगते," गुरम्मा म्हणाली. अजून सांगितलेलं नाही.

दिवाळीपर्यंत मंजुश्रीचा चेहरा निवळला, गोळीही बंद झाली. कुणी कौतुक केलं की गुरम्माला आजही टोचतं. ती मशीन जोरात चालवते. मंजुश्रीला ते कळतं. ती शेजारी येऊन ब्लाऊजना हुक लावायला बसते.