उद्घाटनाचा कोड

कोड तपासायला बसण्याआधी मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवते, चहा संपवते आणि ज्यानं कोड लिहिलाय तो माणूस हुशार आहे असं धरून चालते. यातलं शेवटचं दर वेळी टिकतंच असं नाही. त्या हिवाळ्यात ते पहिल्या पानावरच गेलं.

माझं काम कर्नेलचं. संगणकाच्या यंत्रणेचा सगळ्यात आतला कोड म्हणजे कर्नेल. नवं यंत्र जोडायचं तर ते आणि कर्नेल यांचं एकमेकांशी बोलणं व्हावं म्हणून वेगळा कोड लिहावा लागतो, तो ड्रायव्हर. ज्यानं लिहिला त्यानंच तो पास करायचा नसतो. दुसऱ्या कुणीतरी ओळ न् ओळ वाचून खाली आपलं नाव घालायचं असतं. अंबडला घरी बसून मी अशी नावं घालते. बहुतेक वेळा घालत नाही. गल्लीत मला 'कंप्युटरवर चुका काढणारी बाई' म्हणतात. मी ते कधी दुरुस्त केलं नाही, कारण ते बरोबर आहे.

पुण्याच्या एका कंपनीनं बागायतदारांसाठी एक डबा काढला होता. ठिबकचे कॉक मोबाइलवरून उघडायचे आणि मिटायचे. डब्यात छोटा संगणक, त्यात कॉक चालवणारी नवी चिप, आणि त्या चिपचा ड्रायव्हर तपासायला माझ्याकडे. कंपनीला पहिला डबा बसवायला बाग हवी होती, म्हणून मी माझ्या धाकट्या दिराची मोसंबी सुचवली. तेवढीच माझी मदत. पुढचा तमाशा त्यांचा.

दिवाळीनंतर उद्घाटन झालं. मांडव, हार, नारळ, खुर्च्यांवर पांढरी कापडं. पाहुण्यांनी डबा सुरू करायचं बटण दाबलं आणि मांडवापुढच्या, विहिरीलगतच्या ओळींना एकदम पाणी आलं. टाळ्या पडल्या. दिरानं तो व्हिडिओ मोबाइलच्या स्टेटसला ठेवला. तो उतरला की पुन्हा ठेवायचा. कॉक उघडून पाणी येणं ही आमच्या भागात नवी गोष्ट नाही, पण हार घालून उघडला की ती बातमी होते.

मग बाग ताणावर सोडली. मोसंबीला बहार हवा असेल तर आधी पाणी पूर्ण तोडावं लागतं. झाडं पिवळी पडतात, पानं गळतात, आणि ताण नीट बसला की पाणी सोडल्यावर फुलं येतात. मध्येच ओल मिळाली तर झाड फुलं धरत नाही, नुसती नवती काढतं. हिरवीगार पालवी, फळाचा पत्ता नाही. वर्षाचं पीक त्या कोरड्या आठवड्यांवर असतं.

डबा बागेत बसूनही गेल्यावर, याच दिवसांत, तो ड्रायव्हर तपासायला माझ्यापुढे आला. लिहिणारा तिशीतला टीम लीड. कोडपेक्षा त्याच्या वर लिहिलेली कोडाची स्तुती जास्त. मी माझ्या नेहमीच्या मुद्द्यांनी सुरुवात केली: घेतलेली मेमरी परत देतो का, चिपनं उत्तर दिलं नाही तर किती वेळ थांबतो, मध्येच काही फसलं तर मागचं आवरतो का. तिन्हींची उत्तरं वाईट होती. मी सविस्तर लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, 'नोटेड मॅडम.' दुसऱ्या खेपेच्या कोडात बदल एकच, स्तुतीतली एक स्पेलिंगची चूक सुधारली होती.

माझा चौथा मुद्दा असतो, यंत्र जागं झालं की पहिल्या क्षणी काय करतं. इथे ते सगळे कॉक उघडत होतं, दोन मिनिटं उघडे ठेवत होतं, मग मिटत होतं, आणि त्यानंतर मोबाइलवरून काय हुकूम आहे ते बघत होतं. वर लिहिलं होतं: स्वयंचाचणी. मी फोन आणायला दुसऱ्या खोलीत गेले.

"ही चाचणी कशाला?" मी लीडला विचारलं.

"ॲक्च्युअली मॅडम, उद्घाटनाला बटण दाबल्याबरोबर पाणी दिसायला पाहिजे होतं. ॲपला वेळ लागतो. पाहुणे थांबत नाहीत. म्हणून ड्रायव्हरमध्येच घातलं."

"उद्घाटन होऊन गेलं."

"इथलं गेलं. पुढे बाकीच्या तालुक्यांत आहे ना."

"डबा दिवसातून किती वेळा सुरू होतो असं वाटतं तुम्हाला?"

"एकदाच, मॅडम. बसवतो तेव्हा."

त्याच्या ऑफिसात लाईट जात नसावी. गेली तर बाहेर जनरेटर लागत असणार आणि यांना कळतही नसणार. आमच्याकडे ती जाते, येते, झटका देऊन पुन्हा जाते. दर वेळी डबा नव्यानं जागा होतो. म्हणजे दर वेळी उद्घाटन.

लगेच दिराला फोन लावला. "भाऊजी, बागेचा मेन कॉक हातानं बंद करा. लाईट आली की तो डबा बागेला पाणी सोडतो."

"काय बी काय, वहिनी. मोबाइलवर बंद दाखवू राह्यलं ना सगळं."

"मोबाइलचा हुकूम डबा नंतर बघतो. तोवर पाणी सुटून गेलेलं असतं."

"कंपनीवाले काय येडे हायेत का?"

"हो."

"तुम्हाला सगळेच येडे दिसतात."

"मग निदान मोटार तरी बंद ठेवा."

"आन् गव्हाला पाणी मी बादलीनं घालू का? ऑटोवर हाये मोटार, लाईट आली की आपोआप चालू. तुम्ही नाव टाका जल्दी, तो पोरगा सारखा मला फोन करू राह्यला."

नाव टाका जल्दी. मी स्कूटी काढली.

बागेत पोचले तेव्हा लाईट गेलेली होती. दीर बांधावर बसून मला हसत होता. "या, चुका काढायला. झाडाला पण काढा एखादी." आम्ही विहिरीजवळ उभे राहिलो. लाईट आली. ऑटोनं मोटार उचलली, नळ्या फुगल्या आणि विहिरीलगतच्या ओळींत बुंध्याशी काळी ओली वर्तुळं उमटायला लागली. दिराच्या हातातल्या मोबाइलवर सगळं बंद होतं. तो आधी मोबाइलकडे बघत राहिला, मग जमिनीकडे, मग मेन कॉककडे पळाला. परत येऊन त्यानं वाकून नळीखालची माती उकरली. वर ओली, खाली पण ओली. आजची नव्हती ती.

"बाकीच्या ओळी?" मी विचारलं.

"तिथवर दाब न्हाई पोचत एवढ्यात. कोरड्या हायेत." मग डब्याची वायर हिसकून काढत म्हणाला, "किती दिस चालू आसंल वो हे?"

"उद्घाटनापासून. आता तो व्हिडिओ उतरवा."

लीडला मी लेखी कळवलं की चाचणी निघाल्याशिवाय नाव घालणार नाही. पुढच्या खेपेला त्यानं बाकीचं सगळं मुकाट्यानं दुरुस्त केलं, पण चाचणी काढली नाही. ती चालू-बंद करायची सोय दिली आणि त्या सोयीचं नाव ठेवलं 'समारंभ'. कर्नेलमध्ये समारंभ. मी ती ओळ दोनदा वाचली.

"पण मॅडम, मग पुढच्या उद्घाटनाला दाखवू काय?" फोनवर तो कळवळून म्हणाला.

"नारळ फोडा. त्यातून पाणी निघतंच."

शेवटी निघाली चाचणी. सगळे कॉक मिटूनच यंत्र जागं व्हायला लागलं. मी पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं आणि नाव घातलं.

ठरल्या वेळी दिरानं पाणी सोडून ताण तोडला. बाग फुलांनी पांढरी झाली, वास पार रस्त्यापर्यंत. विहिरीलगतच्या ओळी मात्र नुसत्या पाल्यानं भरल्या. त्यांना या वर्षी काही लागणार नव्हतं.

त्याच सुमारास लीड फोटो काढायला आला, माहितीपत्रकासाठी. नवा शर्ट, सोबत फोटोग्राफर. सगळी बाग त्यानं फिरून बघितली आणि बरोबर त्याच झाडांपुढे जाऊन उभा राहिला.

"मॅडम, ग्रोथ बघा. बाकीच्यांपेक्षा किती हिरवी आहेत ही."

मी दिराकडे बघितलं. मला वाटलं, आता हा त्याला बांधावरून ढकलतो. पण तो शांतपणे पुढे झाला आणि एक फांदी हातानं बाजूला धरली, लीडचा चेहरा नीट दिसावा म्हणून.

"काढा, बराबर काढा," तो फोटोग्राफरला म्हणाला. "आन् खाली लिहा, याला एक बी मोसंबी न्हाई येणार. साहेबांनी उद्घाटनाचं पाणी पाजलंय."