सैल गाठी

आमच्या घराचं दार दिवेलागणीला उघडं असायचं. लक्ष्मी येते म्हणून सगळ्यांचंच असतं म्हणा, पण ते पाच-दहा मिनिटं. आमचं उघडं राहायचं ते आत्या उठून लावेपर्यंत, आणि आत्या काही उठायची नाही. चेन्नईचे डास काय चीज आहे हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. बाबा रोज ओरडायचे, "ताई, दार लाव, डास येतात." ती नुसतं हूं म्हणायची आणि रस्त्याकडे बघत तांदूळ निवडत बसायची.

कारण काका त्याच दारातून गेले होते. काका म्हणजे आत्याचे यजमान. बाबा चेन्नईजवळच्या आवडी गावात संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते, तिथल्या आमच्या क्वार्टरवर आत्या आणि काका मिरजेहून सुट्टीला आले होते. पुढे रामेश्वरला जायचा बेत होता. एका सकाळी चहा पिऊन काका तिकिटं काढायला एग्मोर स्टेशनला गेले, ते गेलेच. पोलीस झाले, हॉस्पिटलं झाली, पेपरात फोटो झाला. माणूस नाही, प्रेत नाही, पायातली चप्पलसुद्धा नाही. आत्या परत मिरजेला गेली नाही. ते इथून गेलेत, तर परत इथेच येतील, असं तिचं म्हणणं. मी तेव्हा शाळेत होते. पुढे शिकले, शोळिंगनल्लूरला कॉम्प्युटर कंपनीत लागले, तरी संध्याकाळी घरी आले की दार उघडं आणि दारात आत्या.

बारा वर्षं उलटली आणि मिरजेहून फोन सुरू झाले. आत्याच्या सासूबाईंनी अंथरूण धरलं होतं. डोळे मिटायच्या आत मुलाला गती मिळालेली त्यांना हवी होती. बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही त्याचा पालाशविधी करतात. पळसाच्या पानांच्या देठांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ, दर्भाच्या दोऱ्यांनी सगळं बांधायचं आणि त्याला अग्नी द्यायचा. आत्याचे दीर येऊन करणार होते. गुरुजी ठरले, अमावास्या ठरली. फक्त सासूबाईंचा एक हट्ट होता, की सून स्वतःच्या तोंडानं हो म्हणेल तरच करायचं. आणि आत्या हो म्हणेना, नाही म्हणेना. बाबा समजावून थकले. कुंकू तुझं कोणी पुसणार नाही, मंगळसूत्राला कोणी हात लावणार नाही, असंही सांगून झालं. ती उठून कुकर लावायची. मला सगळ्यांचाच संताप यायचा, त्या म्हातारीचा, बाबांचा, आणि खरं सांगायचं तर कुठेतरी मजेत राहत असलेल्या काकांचासुद्धा. कारण मेलेत असं मलाही कधी वाटलं नव्हतं.

अमावास्या आठवड्यावर आली तेव्हा शेजारच्या टीचर आँटी घरी आल्या. त्या तमिळ ख्रिश्चन, शाळेत शिकवायच्या. त्यांच्या चर्चची व्हॅन रविवारी समुद्राच्या बाजूला एका बायबलच्या बागेत जाणार होती, आत जागा होती. आत्याला जरा हवापालट होईल, असं त्यांनी आईला सांगितलं. आत्या चक्क तयार झाली. घरातून सुटका, एवढंच तिच्या मनात असणार. मला सोबत म्हणून पाठवलं.

ती बाग मला पहिल्या पावलापासून आवडली नाही. आभाळ गच्च भरलेलं, सुरूच्या झाडांतून वारा सूं सूं करत होता, आणि आमच्या व्हॅनखेरीज तिथे चिटपाखरू नव्हतं. झाडांमध्ये माणसाएवढे सिमेंटचे पुतळे, ऑइलपेंटनं रंगवलेले. मेंढपाळ, राजे, पाण्याचे रांजण, भलीमोठी होडी. आणि सगळ्यांचा चेहरा एकच. कारागिराकडे साचा एकच असणार, दुसरं काय. राजाचं तोंड तेच, भिकाऱ्याचं तेच, दाढी काढली की बाईचंही तेच. आपण पुढे गेलो की तोच माणूस कपडे बदलून आपल्या आधी तिथे जाऊन उभा राहतोय, असं मला वाटायला लागलं. झाडांत लपवलेल्या स्पीकरमधून एक पुरुषी आवाज तमिळमधून गोष्टी सांगत होता. तो कुठून येतोय ते कळायचं नाही. आत्या प्रत्येक पुतळ्याच्या तोंडाकडे नीट बघत चालली होती. एग्मोरला सुरुवातीची काही वर्षं ती प्लॅटफॉर्मवर माणसं बघायची, तशीच.

शेवटी एक गुहा होती. सिमेंटचीच, पण आत खरोखर अंधार. बाहेर दोन रडणाऱ्या बायकांचे पुतळे. बाकीची मंडळी डबे सोडायला गेली होती, इथे आम्ही तिघीच, आणि बागेचा रखवालदार. टीचर आँटींनी आत्याला समजेल अशा सोप्या तमिळमध्ये गोष्ट सांगितली. या दोघींचा भाऊ वारला. येशूला निरोप धाडला होता, पण तो उशिरा आला. चार दिवस झाले होते पुरून. तरी त्यानं गुहेच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली आणि मेलेला उठून बाहेर आला.

आत्यानं विचारलं, म्हणजे प्रेत होतं ना त्यांच्याकडे? टीचर आँटी म्हणाल्या, होतं, गुहेतच होतं. "मग बरं होतं त्यांचं," आत्या मला मराठीत म्हणाली.

रखवालदारानं बटण दाबलं. आत कुठेतरी मोटर घरघरली, स्पीकरमधून त्या पुरुषानं मोठ्यानं हाक मारली, आणि अंधारातून रुळांवरून एक माणूस बाहेर यायला लागला. पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला, हात अंगाशी बांधलेले. गुहेच्या तोंडाशी आला आणि लाईट गेली. आवाज एकदम जाड झाला, लांबत लांबत गेला आणि बंद पडला. तो माणूस अर्धा उजेडात, अर्धा आत, जागच्या जागी डुलत राहिला. रखवालदार काहीतरी पुटपुटत जनरेटरकडे गेला. मी आत्याचा हात धरायला गेले तर आत्या शेजारी नव्हती. गुहेपुढे बांधलेल्या दोरीखालून वाकून ती त्याच्यासमोर जाऊन उभी होती.

"आलात?" ती म्हणाली.

तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. रागही नव्हता, रडूही नव्हतं. ऑफिसातून यायला उशीर झालेल्या माणसाला बायको विचारते, तेवढंच.

तिनं हात वर करून तोंडावरची पट्टी बाजूला केली. आत चेहरा नव्हता. तो एक साचासुद्धा इथे वापरला नव्हता. बांबूचा सांगाडा आणि त्यावर काथ्या गच्च आवळून बांधलेला, गाठीवर गाठ. गुरुजींनी पळसाच्या माणसाबद्दल सांगितलेलं मला आठवलं. आत्या मात्र हलली नाही. तिनं दोन बोटांनी त्यातली एक गाठ चाचपून पाहिली.

तेवढ्यात लाईट आली. मोटर सुरू झाली, तो झटक्यात पुढे सरकला आणि त्याचा खांदा आत्याच्या खांद्याला लागला. स्पीकरमधला आवाज पुन्हा बोलायला लागला. आत्यानं मागे न बघता विचारलं, आता काय सांगतोय तो? टीचर आँटी घाबरून गेल्या होत्या, तरी त्यांनी सांगितलं. म्हणतोय, याला बांधून ठेवलंय ते सोडा आणि चालू द्या याला.

आत्यानं पट्टी पुन्हा नीट तोंडावर ओढली, टोक आत खोचलं आणि दोरीखालून बाहेर आली. परतीच्या वाटेवर ती खिडकीतून बाहेर बघत बसली. घरी आलो तर बाबा दारातच उभे होते, काळजीनं. त्यांनी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "गाठी सैल बांधायला सांग गुरुजींना. सुटायला हव्यात." बाबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते तिथेच पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

अमावास्येला पुरुषमंडळी एन्नोरच्या बाजूला समुद्रावर जाऊन विधी करून आली. आत्या दिवसभर आमच्यात होती, जेवली. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून ती दाराशी गेली. दार सताड उघडं होतं. लगेच लावलं नाही तिनं. पदर सावरला, बाजूला सरून भिंतीला टेकली आणि वाट मोकळी केली, घरातलं कोणीतरी बाहेर निघालंय आणि त्याला जाऊ द्यायचंय अशी. तेवढा वेळ ती मान खाली घालून उभी राहिली. मग दार लावलं आणि कडी घातली.

बाबा तिच्याकडे बघतच राहिले.

"डास येतात," ती म्हणाली.