टी-६५.२ चा आरोपी

त्या दिवशी मी एका पानठेलेवाल्याला चौकशीसाठी ठाण्यात आणले. आमची ओळख तिथे सुरू झाली आणि गेल्या उन्हाळ्यात कब्रस्तानात संपली. नोकरीतली बाकीची प्रकरणे आता पुसट झाली आहेत. हे एक मात्र लिहून ठेवावेसे वाटते.

तेव्हा मी यवतमाळ जिल्ह्यात, बोरी अरबच्या बाजूच्या एका गावी ठाणेदार होतो. बदली होऊन महिनाही झाला नव्हता. माझा जन्म आणि शिक्षण पुण्याचे. ठाण्यातली मंडळी बाहेरगावच्या बंदोबस्तावरून त्याच सकाळी परतली होती, त्यामुळे आदल्या दिवशी गावात काय घडले हे कोणालाच ठाऊक नव्हते. हजेरी आटोपली आणि एका खासगी रुग्णालयाची खबर आली. गावातला एक शेतकरी काल संध्याकाळी अत्यवस्थ स्थितीत दाखल. निदानाच्या रकान्यात टी-६५.२. त्याखाली संगणकानेच छापलेला अर्थ : तंबाखू व निकोटिनची विषबाधा. शेरा : पान, स्टँडवरचा ठेला.

आजारांना, जखमांना आणि मरणाच्या कारणांना क्रमांक देणारी एक आंतरराष्ट्रीय यादी आहे. जपानमधला ताप आणि दारव्ह्याचा ताप एकाच खुणेने ओळखता यावा, म्हणून ती केलेली. हे मी कुठेतरी वाचले होते आणि मला त्या यादीचा आदर होता. साक्षीदार फिरतो, पंच फितूर होतो. पण जगाने मान्य केलेला क्रमांक कसा फिरणार? मी जमादाराला आदेश दिला की ठेलेवाल्याला घेऊन या, ठेल्यावरचा काथ, चुना, सुपारी, तंबाखू पंचांसमक्ष सील करा.

तोवर रोग्याचे काका ठाण्यात आले होते. त्यांचा जबाब मी स्वतः घेतला.

"पुतण्याला काय झालं?"

"पान लागलं, साहेब."

"कुणाचं पान?"

"कोनाचं म्हन्जे? रानातलं असन."

"मग ठेल्यावर कसं आलं?"

"त्याले काय, ते कुठूनबी येते. दिवेलागणीले तं येतेच."

म्हातारा घाबरला आहे, असे मी मनात नोंदवले. "ठेलेवाल्याचा यात काही हात?"

"हाय तं! त्यानंच तं बांधलं. अल्ला भलं करो त्याचं."

मी लिहिले : पान ठेलेवाल्यानेच बांधले. काकांनी अंगठा उठवला आणि ते दवाखान्याच्या गाडीसाठी घाईने निघून गेले.

जमादार ठेलेवाल्याला घेऊन आले. पन्नाशीचा माणूस, नवा पांढरा कुर्ता, कानात अत्तराचा फाया. सगळे गाव त्याला चाचा म्हणत असे. मला आरोपी म्हणून तो फार सजलेला वाटला.

"साहेब," जमादार दारातूनच म्हणाले, "ठेला सील केला. पन लोकं म्हनून राह्यले का, त्याले पानच लागलं."

"मग प्रश्न मिटला," मी म्हणालो.

"मिटला ना, साहेब," ते मोकळेपणाने म्हणाले आणि चहाला गेले. पुढची कितीतरी वर्षे हा संवाद ते मला ऐकवत असत.

चाचा खुर्चीच्या काठावर बसला. "साहेब, जे इचारायचं ते जल्दी इचारा. आज माह्या पोरीची मंगनी हाय. नेरहून समधी येऊन राह्यले. त्याईले स्टँडवर कोनी सांगतलं का बाप ठाण्यात हाय, तं ते त्याच बसनं वापस जातीन. माहा समधी लय कडक मानूस हाय."

"कालच्या माणसाला तुमच्या ठेल्यावर पान लागलं, हे कबूल आहे?"

"कबूल. माह्या डोयासमोर लागलं."

इतका सरळ कबुलीजबाब मला आजवर मिळाला नव्हता. "पान कोणी बांधलं?"

"मीनंच. दस्तीनं बांधलं."

"दस्तीनं?" मी लेखणी थांबवली. "पान रुमालात बांधतात?"

"पान नाही, साहेब! पाय बांधला!"

"पान खाल्ल्यावर पाय कशाला बांधायचा?"

चाचा पुढे वाकला आणि त्याने माझा चेहरा न्याहाळला. मग हलकेच म्हणाला, "साहेब, तुमचं गाव कोन्तं?"

"पुणे."

"तरीच!"

तो उठला, दार लोटले आणि परत आला. "इकडं पान लागते म्हन्जे..." त्याने मनगट टेबलावर उभे करून हाताचा पंजा पुढे वाकवला आणि संथपणे डोलवला.

"साप?" मी ओरडलो.

चाचाने दोन्ही कानांवर हात ठेवले. "घेतलं ना नाव! मानूस अजून दवाखान्यात हाय, साहेब. घरी येऊस्तोवर नाव नसते घेत त्याचं."

नुसत्या हावभावावर आरोपीला सोडता येत नाही. मी रुग्णालयात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, नागाचाच दंश, आल्यापासून त्याचेच उपचार चालू आहेत, तो आता शुद्धीवर आहे आणि खायला पान मागतो आहे. "फक्त पायाला एवढं करकचून कोणी आवळलं, त्याला सांगा, पुन्हा असं करू नको." मी चाचाकडे पाहिले. त्याने छताकडे पाहिले.

उलगडा साधा होता. नातेवाइकांनी खिडकीवर सांगितले, "पान लागलं, ठेल्यापाशी." क्रमांक भरणारा कर्मचारी माझ्यासारखाच परगावचा. त्याने यादीत पान शोधले, ते मिळेना, म्हणून जवळचा तंबाखू निवडला. यादी निर्दोष होती. सापाच्या विषाला तिच्यात टी-६३.० हे स्वतंत्र घर होते. त्या घराकडे जाणारा रस्ता वऱ्हाडीतून जात होता, इतकेच.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. नेरची मंडळी थेट ठाण्याच्या फाटकाशी उभी होती. पुढे समधी, म्हणजे चाचाचा होणारा व्याही, ट्रॅक्टर दुरुस्तीचे गॅरेज चालवणारा उंच माणूस. मागे मिठाईचे खोके धरलेल्या बाया. स्टँडवर सील केलेला ठेला त्यांनी पाहिला होता आणि कोणीतरी 'पानात जहर देल्लं' हेही कानात घातले होते. चाचा माझ्या मागे दारात थिजून गेला.

"साहेब, आमाले सच्ची बात पाह्यजे," समधी म्हणाला. "जहर देनाऱ्याच्या घरची पोरगी आमी नेत नसतो."

मी खुलासा करायला लागलो. आजारांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण, त्यातली अक्षरे, आकडे, टी-६५ आणि टी-६३ मधला फरक. जसजसा मी बोलत गेलो, तसतसे त्यांचे चेहरे कठोर होत गेले. एक बाई दुसरीला म्हणाली, "लय मोठी कलम लागली वाटते वं."

तेव्हा मी वाक्य अर्धेच सोडले आणि म्हणालो, "त्या माणसाला पान लागलं होतं. चाचांनी पाय बांधून त्याला गाडीत घातलं."

मग समधी असा हसला की फाटकावरचा पहारेकरी दचकला. "पान लागलं! मंग तसं सांगा ना, साहेब! हे टी अन् फी कायले?" तो चाचाच्या गळ्यात पडला. चाचाने नव्या कुर्त्याच्या बाहीने डोळे पुसले.

ठेल्याचे सील मी पंचांसमक्ष काढले, डायरीत तशी नोंद घेतली आणि सगळ्या गावाला दिसेल अशा बेताने जीपमधून मंगनीच्या घरी जेवायला गेलो.

पुढे त्या यादीचा जाड ग्रंथ मी मिळवला. निवृत्तीनंतर यवतमाळलाच राहिलो. संध्याकाळी चाचाकडे जाऊन त्यातली पाने वाचून दाखवत असे. झाडावरून पडणे, बैलगाडीतला अपघात, गर्दीत तुडवले जाणे, सगळ्यांना क्रमांक. आईवडील व सासरच्या मंडळींशी संबंधांतील अडचणी, झेड-६३.१, हे ऐकल्यावर चाचा म्हणाला, "हा नंबर माह्या समध्याच्या गॅरेजवर लिवून टाका."

या प्रकरणाने मला एक सवय लावली. जबाब घेताना माणसाचा शब्द जसाच्या तसा लिहायचा आणि त्याचा अर्थ त्यालाच विचारायचा. "म्हणजे काय?" हा प्रश्न विचारल्याने ठाणेदाराची पत कमी होत नाही. तो न विचारता मी एका मुलीचे लग्न जवळजवळ मोडले होते.

चाचा हृदयविकाराने गेला. त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावरचा क्रमांक मी ग्रंथात पडताळून पाहिला. तो बरोबर होता. यादीच्या नव्या आवृत्तीत लांबलेल्या शोकालाही क्रमांक दिला आहे. तो मी वाचला, पाठ केला नाही.

ठेल्याच्या जागी आता मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. मुलगी नेरला नांदते. ईदला मी तिच्याकडे जेवायला जातो.