निम्म्या किमतीचं एस्प्रेसो मशीन
लेकीच्या पोरीनं दूध करपवलं की मला धुळ्याहून आणलेलं ते एस्प्रेसो मशीन आठवतं. लेकीला बघायला पुण्याचं स्थळ येणार होतं आणि मुलगा म्हणे तसलीच कॉफी प्यायचा. मी मोठी हुशार! दुकानदाराला तासभर पिडून मशीन निम्म्या किमतीत आमच्या पिंप्राळ्याला आणलं. पाहुण्यांना पाण्याची कॉफी देणं म्हणजे कंजुषी, म्हणून मशीनच्या पाण्याच्या टाकीत म्हशीचं साईचं दूध ओतलं. मशीननं धूर सोडला आणि मुलाच्या कपात करपट चोथा थुंकला. तरी मी भाव कसा पाडला तेच मिरवत होते. त्याची आई म्हणाली, "मुलगीसुद्धा सूट देऊनच खपवताय वाटतं." मंडळी उठून गेली. लेक आत रडत होती आणि मी दुकानदाराला फोनवर विचारत होते, "भाऊ, परत घेशील का?" "अक्का, दूध पाजेल मशीन कोण घेईन?" पुण्याचा तो मुलगा अजून बिनलग्नाचा आहे, मी मुद्दाम खबर ठेवते.